मामाच्या गावाला, वीस बाजूंचा फासा घेऊन

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गँगनं ठरवलं, गोवा नाही, अलिबाग नाही आणि महाबळेश्वर तर नाहीच नाही! मग कुठं? ‘भंडारा,’ मी म्हणाले. दोन सेकंद शांतता. मग आमच्यातल्या आर्किटेक्टनं विचारलं, ‘भंडारदरा म्हणायचंय का तुला?’

नाही बॉस, भंडाराच. नागपूरच्या पुढं साठेक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठचा, तलावांचा आणि भाताचा जिल्हा. तिथल्या तुमसर तालुक्यात माझं आजोळ आहे. कॉलेजपासूनची सात-आठ वर्षांची दोस्ती, पण या चौघांना मी तिकडं कधी नेलं नव्हतं. का नेलं नव्हतं, ते पुढं सांगते.

चौघं म्हणजे एक आयटीवाला, एक सीए, एक डेंटिस्ट आणि वर उल्लेखलेला आर्किटेक्ट. नावं छापायची नाहीत या अटीवर त्यांनी हा लेख लिहायची परवानगी दिलीय. आयटीवाला जानेवारीत जर्मनीला निघालाय, निदान दोन वर्षांसाठी. म्हणजे पाच जणांनी एकत्र बसायचा हा बहुतेक शेवटचा चान्स. आणि वर्षभर मी सगळ्यांना एक प्रॉमिस देऊन ठेवलं होतं, ‘एकदा तुमच्यासाठी मी गेम चालवणार.’

ही काय भानगड?

गेम म्हणजे टेबलावरचा रोल प्लेइंग गेम. कॉम्प्युटर नाही, जॉयस्टिक नाही. कागद, पेन्सिली, फासे आणि बडबड! अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. पहिली आवृत्ती होती फक्त १,००० प्रतींची. आज जगभर तो खेळला जातो आणि आपल्याकडं पुण्या-मुंबईच्या बोर्ड गेम कॅफेंतही त्याची टेबलं लागतात.

फंडा सोपा आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कुणी चोर, कुणी योद्धा, कुणी वैदू. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो गेम मास्टर. तो सांगतो, ‘तुम्ही किल्ल्याच्या दरवाजाशी उभे आहात, आत दिवा दिसतोय. काय करता?’ खेळाडू सांगतात काय करणार ते. जमेल की नाही याची खात्री नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. जो आकडा येईल त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे. सोप्या कामाला १० लागतात, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०. तेवढे जमले तर काम फत्ते. नाही जमले तर पुढं काय होतं, ते गेम मास्टरनं सांगायचं.

म्हणजे गेम मास्टर हा पंच, निवेदक आणि खेळाडू सोडून जगातल्या बाकी सगळ्या माणसांचा नट, असा थ्री इन वन प्रकार आहे. खेळाडू म्हणून मी चार-पाचदा बसले होते. मास्टर म्हणून एकदाही नाही. पण मास कॉम केलेली मुलगी मी... गोष्ट सांगणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा गोड गैरसमज होता.

पहिली रात्र सुपरफ्लॉप

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याहून निघून भंडारा रोडला उतरलो. हे स्टेशन भंडारा शहरात नाही, बाहेर वरठीला आहे. मामाजी जीप घेऊन आलेले. वाटेत दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान आणि मधूनमधून बोड्या. बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं. घरी पोचल्यावर मामीनं चिन्नोरचा भात आणि बोडीतल्या माशांचं कालवण वाढलं. डेंटिस्टबाईंनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मी मनात म्हटलं, वीकएण्ड सॉलिड जाणार!

रात्री ओसरीवर सतरंजी टाकली, फासे मांडले आणि बॅगेतून माझी तयारी काढली. सत्तावीस पानं, टाइप केलेली! एल्डरवुड नावाचं गाव, तिथली खानावळ, खानावळीत बसलेला गूढ म्हातारा, तो सांगणार असलेली गुहा, गुहेतले राक्षस, शेवटी एक सुंदर ट्विस्ट. पंधरा दिवस ऑफिसातून आल्यावर जागून लिहिलेलं.

मी पहिला परिच्छेद वाचला. तो दीड पानाचा होता. आर्किटेक्टनं जांभई दिली. गूढ म्हाताऱ्यानं गुहेचा पत्ता सांगितला, तर सीए म्हणाली, ‘आम्ही कशाला जाऊ? पैसे किती देणार?’ याचं उत्तर सत्तावीस पानांत नव्हतं. आयटीवाला म्हणाला, ‘मी म्हाताऱ्याचा पाठलाग करतो.’ मी म्हटलं, ‘नाही करता येणार, तो गायब होतो.’ डेंटिस्ट म्हणाली, ‘मग मी खानावळवालीशी मैत्री करते.’ मी म्हटलं, ‘ती बोलत नाही.’ कारण तिच्यासाठी मी काही लिहिलंच नव्हतं!

तासाभरात मी ‘नाही’ हा शब्द किती वेळा वापरला असेल देव जाणे. साडेदहाला आर्किटेक्ट फासा बाजूला ठेवून म्हणाला, ‘अगं, आम्ही खेळतोय की तुझी कादंबरी ऐकतोय?’

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या मित्राला आपण शेवटची आठवण दिली ती ही?

आंबागडची विहीर

सकाळी मामाजी सगळ्यांना आंबागडला घेऊन गेले. तुमसर तालुक्यातल्या डोंगररांगेवरचा हा किल्ला सुमारे १७०० मध्ये बांधलेला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा अधिकारी राजा खान पठाण यानं तो उभारला. पुढं तो नागपूरकर भोसल्यांकडं गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्यांना इथं काहीतरी वेगळं जाणवतं. समोर समुद्र नाही, घाट नाही. झाडीच झाडी आणि त्यापलीकडं धानाचे चौकोन. या भागाला झाडीपट्टी का म्हणतात ते वरून बघितलं की कळतं.

‘ते आतली विहीर पायली का?’ मामाजींनी विचारलं. गॅझेटियरमध्येही या विहिरीची गोष्ट आहे. कैद्यांना म्हणे आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत. तलवार नको, फाशी नको. नुसती तहान पुरे.

आमची बडबड एकदम थांबली. मग डेंटिस्टनं हळूच विचारलं, ‘पण ते पाणी कैद्यांपर्यंत नेऊन कोण देत असेल?’

काल रात्री दीड पान वाचून जे झालं नाही, ते एका विहिरीनं केलं होतं. चौघं स्वतःहून प्रश्न विचारत होते!

‘चोपडी कायची जी?’

दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मंडई भरते. पाळणे, मिठाई, पाहुणे आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. ही झाडीपट्टीची खास लोकनाट्यं. झाडीपट्टीची नाटकंही प्रसिद्ध आहेत. त्यांची मंडळं मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला आहेत आणि या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण नाटकाला लिहिलेली संहिता असते. खडी गंमत म्हणजे शाहीर, ढोलकी, बाईच्या वेशातला नाच्या आणि उभ्याउभ्या रंगणारा सवाल-जवाब. संवाद बहुतेक जागच्या जागी सुचलेले.

मामाच्या गावची मंडई त्याच रात्री होती. आम्ही पाचही जण पोत्यावर मांडी ठोकून बसलो. गंमत ऐन रंगात असताना प्रेक्षकांतून एक आजोबा उठले आणि नाच्याला म्हणाले, ‘अवो बाई, तुया नवरा तं मांगं चाय पिऊन रायला!’ हशा पिकला. मला वाटलं, झालं, आता सीन बिघडला. छे! नाच्यानं पदर खोचला, ‘मांगं हाये का? मंग उधारी बी त्याच्याच नावावर लिवा’ म्हणाला आणि पुढची पाच मिनिटं गोष्टीत ती उधारीच घुसली. शाहिरानंही ती उचलली आणि फिरवून फिरवून बरोबर मूळ कथेवर आणून सोडली.

नंतर चहाच्या टपरीवर मी शाहिरांना गाठलं. म्हटलं, ‘जी, तुमची लिहिलेली चोपडी बघायला मिळेल का?’

ते हसले. ‘चोपडी कायची जी? कोन कोन हाये ते मालूम रायते. कोनाले का पायजे ते मालूम रायते. मंग समोरचा जे बोलन, त्याले जवाब द्याचा.’

बस्स. गेम मास्टरसाठी लिहिलेली जाडजूड पुस्तकं मी वाचली होती. माझी चूक काय होती, ते या तीन वाक्यांत कळलं. मला गोष्ट माहीत होती, माणसं माहीत नव्हती. सत्तावीस पानांत एकालाही काही हवं नव्हतं.

दुसरी रात्र

घरी आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मी म्हटलं, ‘अजून एक चान्स द्या.’ वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलं:

आंबागड, भोसल्यांचा काळ. गावातल्या कोष्ट्याचा मुलगा खोट्या आळावर कैदेत. उद्या पहाटे त्याला आतल्या विहिरीचं पाणी देणार. जेलर कर्जात बुडालाय, त्याला पैसे हवेत. पहारेकरी कैद्याचा लांबचा नातेवाईक, त्याला नोकरी टिकवायचीय. आणि रोज घागर घेऊन गडावर जाणारी एक म्हातारी. तिला फक्त सुखरूप घरी यायचंय.

एवढंच. शेवट लिहिला नाही, कारण मलाही माहीत नव्हता.

‘तुम्ही गडाच्या पायथ्याशी आहात. पहाटेला चार तास बाकी. काय करता?’

चौघंही एकदम बोलायला लागले! सीएनं जेलरच्या कर्जाचा हिशेब मांडला. आर्किटेक्टनं सकाळी डोळ्यांनी पाहिलेल्या तटबंदीचा नकाशा काढला. आणि डेंटिस्टनं भलताच मार्ग काढला. ‘मुलाला पळवायचंच कशाला? पाणीच बदलू. घागर बोडीच्या पाण्यानं भरू. तो मेला नाही की लोक म्हणतील देवानं वाचवला.’ तिच्या पात्राला ती म्हातारी गाठायची होती.

आता म्हातारीनं बोलायला हवं होतं. कुठल्या भाषेत?

इथं ती राहिलेली गोष्ट सांगते. पुण्यात कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी वर्गात ‘पानी’ म्हणाले होते. सगळे हसले. त्या वर्षी मी ‘ण’ आणि ‘ळ’ घोटले, जसं कुणी इंग्रजीचे उच्चार घोटतं. झाडीबोलीत हे दोन्ही आवाज नाहीत. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’. ही अशुद्ध मराठी नाही, बोलीचा नियम आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिच्यावर भरपूर काम केलंय. हे सगळं मला माहीत होतं. तरी मामाजींचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन बोलायचे. मित्रांना आजोळी नेलं नव्हतं, ते यामुळं.

एल्डरवुडचा गूढ म्हातारा काल शुद्ध पुस्तकी मराठी बोलला होता, म्हणून तो पुठ्ठ्याचा वाटला. या म्हातारीचा आवाज मात्र माझ्याकडं होता. आतल्या खोलीत झोपलेल्या आजीचा.

‘कोन तुमी? अन् माया घागरीवर तुमचा डोरा कायले?’ मी म्हणाले.

कुणीही हसलं नाही. डेंटिस्ट पुढं सरकली, आवाज खाली आणला आणि म्हातारीला समजावू लागली. मी म्हटलं, टाक फासा, १५ हवेत. फाशावर आले ११. कौशल्याचे ३. एकूण १४. एका गुणानं हुकलं!

काल मी म्हणाले असते, ‘नाही. म्हातारी निघून जाते.’ आज शाहीर आठवले. म्हातारीला काय हवंय? सुखरूप घरी यायचंय. ‘येईन,’ म्हातारी म्हणाली, ‘पन माया नातवाच्या जागी तुमच्यातला एक इथी बसन. मी आली नाई, तं तोबी जानार नाई.’

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग आयटीवाला शांतपणे म्हणाला, ‘मी थांबतो. तुम्ही जा.’

आता हे तो खेळातलं बोलला की जर्मनीचं, कुणास ठाऊक. पण ओसरीवर अर्धा मिनिट कुणी बोललं नाही.

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘पन घागर तं पहारेकरी हालवून पायन ना?’

आजी! कधीपासून उंबऱ्यावर बसली होती देव जाणे. ‘डोक्शावरचा पानी हिंदकरते, बाई. म्हून आमी वरून परसाचा पान टाकतो. पानाच्या खाली का हाये, कोन पायते?’

‘परस?’ सीएनं विचारलं.

‘पळस,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडं परस म्हणतात.’ आमच्याकडं! पुण्यात आठ वर्षं काढून हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात. पळसाच्या पानाखालून कैद्यासाठी निरोप गेला, जेलरचं कर्ज फिटलं, पहारेकऱ्यानं मान फिरवली आणि म्हातारी सुखरूप परत आली. शेवटची फेकी आजीनं केली. वीस बाजूंचा फासा तिनं आधी निरखून घेतला, कवडीसारखा हातात खुळखुळवला आणि टाकला. आले सतरा! पहाटेचे अडीच वाजले होते आणि पाहुण्यांनी झोपावं असं फक्त मामीला वाटत होतं.

पहिल्यांदा गेम चालवताय?

तुमचंही माझ्यासारखं होऊ नये म्हणून थोडं ज्ञानामृत. एक, गोष्ट लिहू नका, अडचण लिहा. शेवट खेळाडूंवर सोडा. दोन, तीन माणसं ठरवा आणि प्रत्येकाला काय हवंय ते एका ओळीत लिहा. मग त्यांच्या तोंडी शब्द आपोआप येतात. तीन, वाचून दाखवायचं वर्णन तीन वाक्यांचं. त्यानंतर लगेच ‘काय करता?’ चार, फासा हुकला म्हणजे दार बंद नव्हे. काम होऊ द्या, पण किंमत वसूल करा. पाच, सगळे नियम पाठ नसले तरी चालतं. अडलात तर १५चा आकडा सांगा आणि पुढं चला. चूक नंतर सुधारता येते, पण थांबलेला खेळ परत तापत नाही. सहा, खेळाआधी दहा मिनिटं बसून कुणाला कोणता विषय नको ते विचारून घ्या.

खर्च? जवळपास शून्य. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूलभूत नियम नेटवर फुकट मिळतात. त्यातला मोठा भाग २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. सात फाशांचा संच ऑनलाइन मागवा, नाहीतर मोबाइलवर फासा टाका. आणि सातवी गोष्ट, माझी स्वतःची. एल्डरवुड शोधत बसू नका. ज्या गावची विहीर आणि बोली तुम्हाला ठाऊक आहे, तिथं खेळ मांडा. खेळाडूनं काहीही विचारलं तरी उत्तर तुमच्याकडं असतं. नसलंच, तर उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं असतं.

परतीच्या गाडीत आयटीवाल्यानं विचारलं, ‘जर्मनीतून व्हिडिओ कॉलवर खेळता येईल ना?’

येईल की, मी म्हटलं.

‘पण ती म्हातारी हवी. तसंच बोलणारी.’

तेवढ्यात मामाजींचा फोन आला, पोचलो का विचारायला. मी जागेवरूनच उचलला.

कसं जाल?

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस भंडारा रोडला थांबतात. विमानानं नागपूर आणि पुढं रस्त्यानं साठेक किलोमीटर, हाही पर्याय आहे. आंबागडसाठी तुमसर गाठा. एक दिवस जास्त असेल तर वैनगंगेकाठच्या पवनीला जा. तिथं १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. पुढच्या गेमला आयती जागा! मंडईसाठी दिवाळीनंतरचे दिवस धरा. झाडीपट्टीची नाटकं मात्र होळीपर्यंत चालतात.